खजूरच्या टाक्यांची राखण

शनिवार, १६ ऑगस्ट. दुपारी ३.१०

खजूर घरी आला. पोटावर अकरा टाके, गळ्यात प्लॅस्टिकचा पांढरा भोंगा. टाके मंगळवारी, २६ तारखेला निघतील. तोपर्यंत आतलं शिवलेलं आतडं धरून राहिलं तर तो वाचला. सुटलं तर नाही. डॉ. स्वरदा यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी दोनदा विचारून घेतलं आणि मग लिहून घेतलं.

सत्तावीसपर्यंत रजा टाकली आहे. औषधांच्या कंपनीत क्वालिटीला दोन वर्षं काढली, ती एकोणीस किलोच्या कुत्र्यापुढं हात टेकायला नाही. लिहिलं नाही ते झालंच नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून फाइल केली. फाइल डॉक्टरांसाठी, तिच्यात फक्त आकडे. ही वही माझी. इथं मत लिहायला हरकत नाही.

मत पहिलं: मक्याचं कणीस दाणे खाऊन ओट्यावर आबांनी ठेवलं होतं. ते खजूरनं गिळलं. म्हणजे चूक आबांची. त्यांना बोलले नाही. फक्त नोंद.

संध्याकाळी ६.३०

डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजीत चार ओळी आहेत. हलका आहार, थोडा थोडा, बऱ्याच वेळा. पळू देऊ नये. भोंगा काढू नये. बाराव्या दिवशी टाके. चार ओळींवर बारा दिवस निघत नाहीत. मी त्याची साडेपाच पानं केली. हलका म्हणजे तांदळाची पेज, बिनमिठाची. थोडा म्हणजे चाळीस ग्रॅम. बऱ्याच वेळा म्हणजे चार: सात, अकरा, तीन, सात. फोन करून विचारता आलं असतं, पण डॉक्टरांचा नंबर इमर्जन्सीसाठी आहे.

साडेपाच पानं आईला वाचून दाखवली. आई तिसरीपर्यंत गेली, आबा सहीपुरते. त्यामुळं घरात येणारा प्रत्येक कागद, लाइटबिल, सातबारा, गोळ्यांची पाकिटं, लग्नपत्रिका, पाचवीपासून मीच वाचत आले. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, एवढ्याशा पेजेनं चिमणीचं तरी भागंल का? मी म्हणाले, याच्यामागं सायन्स आहे. आई म्हणाली, बरं बाई, तू शिकलेली, तुला कळतं.

ऐकून बरं वाटलं.

रविवार, १७ ऑगस्ट. सकाळी ७.००

पेज, चाळीस ग्रॅम. खजूरनं वास घेतला. माझ्याकडं पाहिलं. वाटीकडं पाठ केली. भोंग्यासकट वळायला त्याला वेळ लागतो, तरी वळला.

फाइलमध्ये लिहिलं: भूक निरीक्षणाखाली.

सकाळी ११.००

तेच.

सकाळी ११.४०

ताप मोजायचा तर थर्मामीटर शेपटीखाली लावावा लागतो. खजूरला हे पटलं नाही. मीही मागं हटले नाही. अर्ध्या तासानं रीडिंग मिळालं, ते माझ्या बोटाचं निघालं. ३६.१. दुसऱ्या वेळी ३८.६, हे त्याचं. नॉर्मल.

शेजारची आवडामावशी कुंपणापलीकडून बघत होती. तिच्या चार म्हशी आहेत, त्यामुळं जगातल्या सगळ्या जनावरांबद्दल तिला मत आहे. म्हणाली, पोरी, ते बिचारं मरणातून आलं अन् तू त्याच्या मागं लागायलीस? आमच्या म्हशीचं पोट फाडलं होतं तवा मी काय मोजलं नव्हतं, नुसती शेजारी बसले. मी म्हणाले, मावशी, बसून इन्फेक्शन कळत नाही. ती म्हणाली, अन् काडी घालून कळतं व्हय?

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. दिलं नाही. (नियम क्र. १४: स्टाफशी, म्हणजे आई-आबांशी, वाद नाही. मावशी स्टाफमध्ये येत नाही, पण नियम तोच लावला.)

संध्याकाळी ७.२०

दिवसभरात पेज शून्य. तरी तोंडावर तरतरी आहे. शरीर साठ्यातून घेत असणार.

सोमवार, १८ ऑगस्ट

आजाऱ्याला बघायला यायची आमच्या पडेगावात रीत आहे. माणूस असो वा कुत्रा. कालपासून नऊ जण येऊन गेले. रिकाम्या हातानं कुणीच नाही. बिस्किटाचे सहा पुडे, एक डझन केळी, एक नारळ. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला नारळ! आणणारे म्हणाले, मग काय नुसतंच यायचं?

आबा प्रत्येकाला आत नेतात, खजूरचा भोंगा दाखवतात, मग माझी फाइल दाखवतात. पानं उलटी धरून दाखवतात. म्हणतात, माझी तनुजा कुत्र्याचंबी रेकॉर्ड ठेवती. लोक फाइलकडं खजूरपेक्षा जास्त वेळ बघतात.

हे थांबलं पाहिजे. गेटवर पाटी लावली: पेशंटला भेटण्याची वेळ सायं. ५ ते ५.३०. खाऊ आणू नये.

संध्याकाळी ६.००

पाच वाजता बरोबर बावीस जण आले. पाटी वाचून आले. ज्यांना माहीतच नव्हतं त्यांनाही पाटीमुळं कळलं. आवडामावशीला वाचता येत नाही, ती दुपारीच दोनदा येऊन गेली.

पाटी काढणार नाही. काढली तर पाटी चुकली असा अर्थ होईल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

वजन केलं. मी खजूरला उचलून काट्यावर, मग मी एकटी, मग वजाबाकी. १९.३. तीनशे ग्रॅम वाढ! तीन दिवसांत त्यानं माझ्यासमोर पेजेची दोन बोटं चाटली आहेत. चाळीस ग्रॅमचं गणित मी मांडलं होतं त्यापेक्षा भारी निघालं. कमी द्या, शरीर पूर्ण वापरतं. हे डॉ. स्वरदांना सांगितलं पाहिजे, त्यांच्या इतर पेशंटना उपयोग होईल.

भोंग्याच्या आतल्या बाजूला पांढरं काहीतरी वाळलेलं सापडलं. वास दह्यासारखा. घाम असावा. नेटवर पाहिलं, कुत्र्याला तिथं घाम येत नाही. मग लाळ.

दुपारी

भोंग्यात भाताचं शीत सापडलं. पेज तांदळाचीच आहे, त्यामुळं हरकत नाही. पेज मी गाळून देते, पण गाळणीत एखादं निसटू शकतं.

आईला सहज विचारलं. आई म्हणाली, मला काय माहीत बाई, मी तर स्वयंपाकघरात होते. आई चुलीपाशी लाल झाली होती. गॅसची उष्णता.

बुधवार, २० ऑगस्ट. सकाळी १०.१५

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नंतर कुणी वेगळं सांगू नये म्हणून.

दौलताबादहून आबांचे मित्र आप्पासाहेब आले. त्यांनी विचारलं, आजारी कवा पडला? आबांनी अभिमानानं सांगितलं, मंगळवारी सांजेपासून उलट्या. पोरीनं दोन दिवस सगळ्या लिहून काढल्या, किती वाजता, कोणत्या रंगाची. मग गुरुवारी नेला. आप्पासाहेब म्हणाले, दोन दिवस? आबा म्हणाले, व्हय, दोन दिवस. लई बारीक लिहिलंय, बघा. आप्पासाहेबांनी बघितलं नाही. ते खजूरकडं बघत राहिले.

दोन दिवस का, याचं कारण आहे. एका उलटीवरून काहीच कळत नाही. दोनवरूनही नाही. ट्रेंड लागतो. अकरा उलट्यांचा तक्ता केला म्हणून तर गुरुवारी निर्णय घेता आला. डॉक्टरांनी तक्ता मागितला नाही, पोटाला हात लावला आणि लगेच टेबलावर घेतला, ही त्यांची पद्धत. आधी आणायचं ना, असं त्या म्हणाल्या खऱ्या. पण ते त्या सगळ्यांनाच म्हणत असणार.

आई मंगळवारी संध्याकाळीच म्हणाली होती, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. मी म्हणाले, थांब, आधी डेटा येऊ दे. आबांनी रिक्षा बोलावली होती. मी परत पाठवली. त्यावर दोघंही, तू शिकलेली, एवढंच म्हणाले.

त्यांनी वाद घालायला हवा होता. मी घरात एकटीनंच का ठरवायचं?

याच्यावर आता पुन्हा लिहिणार नाही. टाके कोरडे. ताप नाही. सहा दिवस राहिले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

उद्या पोळा. संकट.

आमच्याकडं बैल होते तेव्हा पोळ्याला आधी बैलांनी पुरणपोळी खायची आणि मग माणसांनी. चार वर्षांपूर्वी बैल विकले, शेत आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर. पण जनावराआधी जेवायचं नाही हे आबांनी सोडलं नाही. घरात चार पायांचा खजूर एकटाच, म्हणून तेव्हापासून मान त्याचा. तो खातो, मग आम्ही खातो.

पुरणपोळी. डाळ, गूळ, तूप. शिवलेल्या आतड्यावर!

आबांना शांतपणे सांगितलं, यावर्षी नाही. आबा म्हणाले, बघू. बघू म्हणजे आबांच्या भाषेत काहीही होऊ शकतं.

संध्याकाळी ६.४५

आबांनी खजूरचे खांदे हळद-तुपानं मळले. बैलांचे मळायचे तसेच. मग त्याच्यासमोर हात जोडून म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैलांना म्हणतात तेच. खजूरनं शेपूट हलवलं.

मळलेल्या जागेपासून टाक्यांपर्यंतचं अंतर मोजलं: एकवीस सेंटिमीटर. चालेल. फाइलमध्ये 'बाह्य लेप' म्हणून नोंद केली. पण आवतनाचं काय? पेशंटनं ते स्वीकारलं असं घरात सगळे म्हणायला लागलेत.

मी ठाम आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा. सकाळी ११.३०

स्वयंपाक झाला. घरभर वास. खजूर भोंगा वर करून बसला आहे, डिशच्या अँटेनासारखा. मी दारात खुर्ची टाकली आहे.

दुपारी १.००

मी पर्यायी पोळी केली. तांदळाचं पीठ, आत उकडलेला दुधी भोपळा, गूळ नाही, तूप नाही. दिसायला पुरणपोळीच. त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पायानं ती माझ्याकडं सरकवली.

आबा म्हणाले, बघ, त्यालाबी कळतं. मी म्हणाले, भूक नसेल. आबा म्हणाले, मग आम्हालाबी नाही.

दुपारी २.४५

कुणीही जेवलेलं नाही. आबांची बीपीची गोळी जेवणानंतरची आहे. आईनं तीनदा आठवण केली, आबांना नाही, मला. आबा चिडलेले नाहीत, हेच अवघड आहे. म्हणाले, तू जेवून घे माय, तुला काम आहे. आम्ही थांबतो. आजवर मुक्या जनावराच्या आधी घास घेतला नाही, आता एका वर्षासाठी कशाला?

आवडामावशीच्या म्हशींनी बारालाच जेवण उरकलं. ती ढेकर देत कुंपणाशी आली. म्हणाली, तुमच्या घरी एकादशी धरली काय आज?

हलणार नाही. एकदा दुसऱ्याचं ऐकलं की नियमाला अर्थ राहत नाही. आणि याला काही झालं तर 'तू शिकलेली' हे पुन्हा मलाच ऐकायचं आहे.

दुपारी ३.४०

आईनं सोडवलं. म्हणाली, ज्यांच्याकडं बैल नाहीत ते मातीचे बैल पूजतात, त्यांना काय चारतात? नुसता नैवेद्य दाखवतात. याला तसा दाखवा. आबांनी आधी खजूरकडं, मग ताटाकडं पाहिलं. मग म्हणाले, हां, हे शास्त्रात बसतं.

ताट दाखवलं. मी मध्ये उभी राहिले, ताट ते तोंड अंतर दीड मीटर. खजूर इतक्या आशेनं बघत होता की आबांनी मान फिरवली. मग सगळे जेवायला बसले.

जिंकले. सातव्या-आठव्या दिवशी टाक्यांना सगळ्यात जास्त धोका असतो, आणि तो दिवस मी एकटीनं पार पाडला.

माझं ताट मी खजूरच्या खोलीतच घेतलं, पहारा मोडायला नको म्हणून. तीन पोळ्या, वर तूप. चटईवर बसले. खजूर कोपऱ्यात.

संध्याकाळी ५.३०

पुरणानं डोळा लागला. उठले तेव्हा ताट स्वच्छ होतं. तीन पोळ्या खाल्ल्याचं आठवत नाही, पण भूक फार होती. खजूर झोपलेला, अगदी शांत, पहिल्यांदाच इतका शांत. भोंगा थोडा चिकट. हवेत दमटपणा आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट. सकाळी ६.५०

जुलाब. चार वेळा.

सकाळी ७.३०

घरात कुणीतरी पुरणपोळी चारली. चौकशी सुरू केली. दोघांना अंगणात बसवलं, आवडामावशीलाही बोलावलं, ती संशयितांमध्ये पहिली होती.

आबा म्हणाले, देवाशपथ, काल मी तुकडासुद्धा दिला नाही. काल नाही, असं म्हणाले. आई म्हणाली, पोळी मी नाही दिली. पोळी, असं म्हणाली. हे दोन्ही शब्द मला खटकले, पण तेव्हा महत्त्वाचं दुसरं होतं.

आवडामावशीनं मलाच विचारलं, तुझ्या ताटात किती होत्या? मी म्हणाले, तीन. ती म्हणाली, तीन? अगं, तू आयुष्यात एकीच्या वर पोळी खाल्लीस कवा? अर्ध्यात तर तुला मळमळायला लागतं.

आई माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

सकाळी ८.१०

शक्यता नाकारता येत नाही.

कारणमीमांसा: ताट जमिनीवर होतं. ताटाची उंची किती असावी हा मुद्दा साडेपाच पानांत राहून गेला होता. म्हणजे दोष पद्धतीचा, व्यक्तीचा नाही.

सकाळी ८.१५

त्याच्या पोटात गुडगुड ऐकू येते. कान लावून बसले आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही. टाके वरून तर नीट दिसतात.

सकाळी ८.३०

डॉक्टरांना फोन केला. पहिल्यांदाच. जुलाब सांगितले. त्यांनी विचारलं, उलटी? नाही. पोट कडक? नाही. उभा राहतो? शेपूट हलवतो. मग म्हणाल्या, पाणी भरपूर द्या, दही-भात द्या, सांजेला कळवा. मी म्हणाले, दही-भात माझ्या नियमात नाही. त्या म्हणाल्या, मग नियमात घाला.

संध्याकाळी ६.००

थांबले जुलाब. दही-भात आईनं कालवला, तो एका दमात संपला. तिला विचारलं, इतका आवडीनं कसा खातो? आई म्हणाली, पहिल्यांदाच खातोय ना.

रविवार, २४ ऑगस्ट

थर्मामीटर सुरू करताना टिंग वाजतो. तो आवाज झाला की खजूर पलंगाखाली जातो. भोंगा अडकतो, मग धडपड, मग टाक्यांची काळजी. म्हणून आज थर्मामीटर बाहेरच्या खोलीत सुरू करून आणला. तरी गेला. माझी पावलं ओळखतो.

दुपारी आई भाजी निवडत बसली होती. खजूर जाऊन तिच्या मांडीवर भोंग्यासकट डोकं ठेवून पडला. भोंगा जड असतो, टेकवायला काहीतरी लागतंच. त्यात भावनेचा भाग नाही.

मी हाक मारली. त्यानं एक कान हलवला.

त्याचं आयुष्य मी वाचवते आहे, मला तो आवडायची गरज नाही. हे स्वच्छ लिहून ठेवते.

सोमवार, २५ ऑगस्ट

टाके कोरडे. अकराच्या अकरा जागेवर. वजन २०.१. उद्या फाइल द्यायची म्हणून पानांना क्रमांक घातले, मागं सूची केली. एकूण सत्तेचाळीस पानं. प्रत्येक पानावर माझी सही.

डॉ. स्वरदा काय म्हणतील याचा विचार करते आहे. फार काही नको. चांगलं सांभाळलंत, एवढं म्हणाल्या तरी खूप.

मंगळवार, २६ ऑगस्ट. दुपारी २.००

दवाखान्याकडं, औरंगपुऱ्यात गर्दी, उद्या गणपती. रिक्षा आत जाईना. आईनं खजूरला मांडीवर धरलं होतं, मी फाइल.

टाके निघाले. आतडं ठीक. पोट मऊ. डॉक्टरांनी भोंगा काढला तेव्हा खजूरनं इतक्या जोरात अंग झाडलं की ट्रे पडला. वाचला तो. हे पहिल्यांदा लिहिते आहे: वाचला.

मग मी फाइल दिली. त्यांनी खरंच वाचली, उभ्या उभ्या, तीन-चार पानं. मग विचारलं, दिवसाला एकशे साठ ग्रॅम पेज? तीही बहुतेक शून्य? मी म्हणाले, हो. त्या म्हणाल्या, या कागदाप्रमाणं हा कुत्रा मागच्या बुधवारीच उठायचा बंद झाला असता. याचं तर वजन वाढलंय. काय खाल्लं यानं?

मी काही बोलायच्या आत आईनं सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून. सकाळी पाचला, मी उठायच्या आधी, दही-भात. दुपारी मी आंघोळीला गेले की आबा उकडलेलं अंडं. सांजेला आवडामावशी कुंपणावरून ताक-भाकरी कुस्करून, मीठ न घालता. मी पाणी प्यायला गेले की घास, फोनवर बोलले की घास. थोडं थोडं, म्हणाली आई, पोरगी म्हणाली होती ना कागदात तसं लिहिलंय म्हणून.

डॉक्टर म्हणाल्या, अगदी बरोबर केलंत. मला हेच हवं होतं.

मी फाइल परत घेतली. सत्तेचाळीस पानं. लिहिलेलं झालेलं नाही आणि झालेलं लिहिलेलं नाही. कंपनीत याला एक शब्द आहे, फॉल्सिफिकेशन, म्हणजे खोटी नोंद. त्या शब्दासाठी माणूस कायमचा घरी जातो.

मग मी ते विचारलं. आईसमोरच विचारलं, मागं हटायचं नाही म्हणून. दोन दिवस आधी आणला असता तर? डॉक्टरांनी हात पुसले. म्हणाल्या, तर कदाचित आतड्याचा तुकडा काढावा लागला नसता. नुसतं कणीस काढून शिवलं असतं. खोटं बोलत नाही.

आई पटकन म्हणाली, पोरीनं लई जपलं हो त्याला, डोळ्यात तेल घालून. आई माझी चूक झाकायला बोलते आहे असं वाटलं, म्हणून तिच्यावर चिडले. रिक्षात फाइल मध्ये ठेवून बसले. खजूरनं बाहेर तोंड काढून अख्खा रस्ता वारा खाल्ला.

बुधवार, २७ ऑगस्ट

रजा संपली. उद्या पहिल्या शिफ्टला हजर.

घरात गणपती बसला. आबांनी आरतीला खजूरला शेजारी घेतलं. भोंग्याशिवाय त्याचं तोंड लहान दिसतं.

संकल्प:
आईशी बोलायचं. (दुपारी बोलले. मी म्हणाले, तुम्ही मला सांगायला हवं होतं. आई म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस, अन् लिहिलं की बंद केलं असतंस.)
फाइल ठेवायची, फाडायची नाही. फाडणं हा पळपुटेपणा आहे.
यापुढं घरातल्या कुठल्याही जिवाबाबत शांत डोक्यानं, पूर्ण निरीक्षणानंतरच निर्णय. ही पद्धत चुकीची नव्हती, आकडे कमी पडले. हे मी मागं घेणार नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट. दुपारी १२.३०

सकाळी ५.५० ला कंपनीच्या बसला निघताना खजूर ओट्यावर ओकला. एकदा.

रंग पाहिला नाही. वेळ आत्ता आठवून लिहिली. त्याला उचलला आणि गेटबाहेर पळाले. आई मागून ओरडत होती, अगं थांब, अगं चप्पल! वीस किलोचा कुत्रा घेऊन पडेगावच्या रस्त्यानं नाक्यापर्यंत. बस माझ्यासमोरून गेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी बघितलं नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? मी म्हणाले, चल.

दवाखाना नऊला उघडतो. औरंगपुऱ्यात त्या वेळी फक्त झाडलोट चाललेली. पायरीवर बसले, त्याला मांडीवर घेऊन. अंगात कंपनीचा पांढरा कोट, पायात काही नाही. झाडणारी बाई म्हणाली, पाय वर घे गं. आणि दोघांच्या भोवतीनं झाडून गेली. अडीच तास त्याचं पोट हातानं चाचपत होते, कडक झालं का, कडक झालं का. त्याला वाटलं मी खाजवते आहे. तो पाय हलवत होता.

नऊ वाजता डॉ. स्वरदा आल्या. पोट दाबून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं. विचारलं, उलट्या किती? मी म्हणाले, एक. किती वाजता, काय पडलं, काल काय खाल्लं, लिहून आणलंय का? मी म्हणाले, नाही. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मग त्याच्या दाढेत अडकलेलं गवताचं पातं काढून माझ्या हातावर ठेवलं. गणपतीला दूर्वा आणल्या होत्या, त्यातल्या त्यानं खाल्ल्या. कुत्री गवत खातात आणि ओकतात. पोट साफ करतात. काही झालेलं नाही.

मग अगदी समजावून सांगितलं, नुसतं एकदा ओकला, खेळतोय, पोट मऊ आहे, तर लगेच धावत यायचं नाही. एखादा दिवस घरी बघायचं, थोडं लिहून ठेवायचं, मग यायचं.

मी म्हणाले, बरं.

येणार आहे. लगेच.